इंजिन, धूर आणि तांडेलकाकांचा हात

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हल्ली चिठ्ठीपेक्षा मोबाइल जास्त येतात. माणूस खिशातून फोन काढतो, स्क्रीन माझ्याकडे वळवतो आणि विचारतो, "हे आहे काय तुमच्याकडे?" गणपतीला मुंबईहून आलेल्या एका मुलाने असाच फोन पुढे केला. फॉरवर्ड होता. वर मेंदूचं जांभळं चित्र आणि खाली मजकूर. पार्किन्सन काय, अल्झायमर काय, सगळ्याचं मूळ एकच, पेशीतलं 'पॉवरहाऊस' बिघडणं. त्यावर उपाय म्हणून एका कॅप्सूलचं नाव. त्याला वडिलांसाठी सहा महिन्यांचा साठा एकदम हवा होता.

वडील म्हणजे आमचे तांडेलकाका. देवगडच्या बंदरातून त्यांनी आयुष्यभर ट्रॉलर नेला. कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनचं, निदान होऊन तीन वर्षं झाली, पण काकी सांगते ते त्याआधीचं आहे. सुकटीचा डबा शेजारी उघडला तरी ह्यांना वास येत नसे. कोळ्याला सुकटीचा वास येईना, म्हणजे घरात थट्टाच. पुढे जाळं शिवून झालं की मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप बोटांवर घोळायला लागला, अंगठा आणि बोटांमध्ये तंबाखू चोळावी तसा. "कामाक बसलंय की हात थांबता," असं काका म्हणायचे, आणि ते खरं होतं. या आजारातली थरथर हात निवांत असतानाच जास्त दिसते. वास जाणं तर कित्येकांत हात थरथरण्याच्या काही वर्षं आधीच सुरू होतं.

मी मुलाला एक स्ट्रिप दिली आणि बाकीच्यासाठी चार दिवस थांब म्हटलं. दुकानदाराने गिऱ्हाइकाला थांब म्हणणं तसं धंद्याला मारक. पण त्या फॉरवर्डमध्ये अर्धं खरं होतं आणि अर्धं खरं फार महाग पडतं. ते अर्धं कुठलं, ते नीट सांगायचा हा प्रयत्न.

*

फॉरवर्डमधलं ते 'पॉवरहाऊस' म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. शाळेच्या पुस्तकात त्यांना 'तंतुकणिका' म्हणतात. एका पेशीत त्या शेकड्यांनी असतात, काही पेशींत हजारांनी. आपण खाल्लेला भात, घेतलेला श्वास, दोन्ही शेवटी इथे पोचतात आणि त्यातून एटीपी नावाचा रेणू तयार होतो. पेशीचं सगळं काम या एटीपीवर चालतं. एका वेळी अंगात पाव किलोसुद्धा एटीपी नसतं, पण तेच इतक्या वेळा मोडलं आणि पुन्हा जोडलं जातं की दिवसाची उलाढाल काढली तर साधारण आपल्या वजनाइतकी भरते.

'पॉवरहाऊस' हा शब्द मला फारसा आवडत नाही, कारण त्यातून आत काय चालतं ते कळत नाही. त्यापेक्षा खाडीकाठचा खारबंधारा डोळ्यांसमोर आणा. बांधाच्या एका बाजूला भरतीचं पाणी चढलेलं, दुसऱ्या बाजूला शेत. पाण्याला आत यायला वाट एकच, उघाडी. आता कल्पना करा की त्या उघाडीत कुणी रहाटासारखं चाक बसवलंय. पाणी आत घुसताना चाक फिरतं आणि चाकाला जोडलेलं यंत्र माल तयार करतं. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर हेच चालतं, फक्त पाण्याच्या जागी हायड्रोजनचे धनभारित कण असतात. अन्नातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर पंप ते कण पडद्याबाहेर ढकलत राहतात. बाहेर गर्दी होते, आत ओढ लागते आणि ते चाकातून परत आत शिरतात. दोन बाजूंमधला दाब सुमारे दीडशे मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या दहाव्या हिश्श्याइतका. त्यावर ते चाक सेकंदाला शंभरेक फेऱ्या मारतं. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ साली मांडली तेव्हा बऱ्याच जणांना ती पटली नव्हती. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं. चाक कसं फिरतं हे उलगडणाऱ्या बॉयर आणि वॉकर यांना ते १९९७ साली मिळालं.

पंपांच्या या रांगेतला पहिला पंप म्हणजे कॉम्प्लेक्स-१. हे नाव लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्याच्याभोवती आहे. या पंपाकडून इलेक्ट्रॉन उचलून पुढच्या पंपाकडे नेणारा एक हमाल असतो. त्याचं नाव कोएन्झाइम क्यू-१०. मुलाच्या फोनवरची कॅप्सूल ती हीच.

आता धूर. इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात जाताना थोडे सांडतातच. सांडलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटला की तो ऑक्सिजन चावरा होतो, प्रथिनांना, चरबीला, डीएनएला ओरबाडतो. जाहिरातींत 'फ्री रॅडिकल' म्हणतात ते यातलेच. हाच मायटोकॉन्ड्रियाचा धूर. ट्रॉलरच्या चांगल्या मशीनचाही थोडा धूर असतोच. नोझल खराब झाला, पंप तुंबला की तो काळा होतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो. एवढासा, ३७ जनुकांचा, आणि तो आपल्याला फक्त आईकडून मिळतो. अब्जावधी वर्षांपूर्वी हा एक स्वतंत्र जिवाणू होता, दुसऱ्या पेशीत शिरला आणि कुळासारखा तिथेच राहिला. कसायला घेतलेली जमीन त्याने आपली केली म्हणा किंवा मालकाने त्याला कायमचा राबवून घेतला म्हणा. त्याची बहुतेक जनुकं एव्हाना मालकाच्या तिजोरीत, म्हणजे पेशीच्या केंद्रकात गेली आहेत. म्हणून मायटोकॉन्ड्रियाचे काही आजार आईकडून येतात आणि काही दोन्हीकडून.

*

ही इंजिनं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, सगळ्याच पेशींत आहेत, मग बिघाड मेंदूतच का दिसतो?

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, खर्च वीस टक्के. शिवाय त्वचेची पेशी मरते, नवी येते. मेंदूतल्या बहुतेक पेशींना ही सोय नाही. सत्तर वर्षांच्या माणसाच्या डोक्यात सत्तर वर्षांच्या जुन्या पेशी आहेत आणि त्यांत साठणारी घाण त्यांनाच निस्तरायची आहे.

पार्किन्सनमध्ये ज्या पेशी जातात त्यांची गोष्ट तर आणखी अवघड. मेंदूच्या बुंध्याशी काळसर रंगाचा एक छोटा पट्टा असतो, तिथे हालचालींचे निरोप पोचवणारं डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी राहतात. यातल्या एकेका पेशीचा तंतू पुढे इतका फुटतो, इतका फुटतो की त्याच्या सगळ्या फांद्या सरळ केल्या तर लांबी काही मीटर भरावी, आणि त्यावरच्या जोडण्या दहा लाखांच्या पुढे जाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे. वडाच्या एका झाडाने अख्ख्या वाडीवर पारंब्या सोडाव्यात तसं. त्या प्रत्येक टोकाला ऊर्जा हवी. त्यासाठीची बरीचशी इंजिनं पेशीच्या मूळ शरीराजवळ तयार होतात आणि तिथून टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. त्यात या पेशी कुणी सांगो न सांगो, दिवसरात्र ठोके देत राहतात आणि प्रत्येक ठोक्याला आत शिरलेलं कॅल्शियम बाहेर काढायला परत एटीपी लागतं. बंदरात उभा असतानाही ज्याचं मशीन बंद करता येत नाही असा हा ट्रॉलर. झीज आधी कुठे दिसणार ते वेगळं सांगायला नको.

हे नुसतं तर्काने सांगत नाहीये. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक दगडासारखे आखडून दवाखान्यात आले. बोलणं नाही, हलणं नाही, पार्किन्सनच्या शेवटच्या टप्प्यातल्या म्हाताऱ्यासारखे. विल्यम लँगस्टन नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने शोध घेतला तेव्हा कळलं की सगळ्यांनी हेरॉइनच्या जागी चोरून बनवलेली एक नशा टोचून घेतली होती. बनवणाऱ्याची कृती चुकली आणि त्यात एमपीटीपी नावाचं भलतंच रसायन तयार झालं. हे रसायन मेंदूत गेलं की त्याचं रूप पालटतं. नवं रूप डोपामिनच्या पेशींना आपल्याच मालासारखं वाटतं, म्हणून त्या त्याला दार उघडून आत घेतात. आत गेल्यावर ते थेट मायटोकॉन्ड्रियात शिरून कॉम्प्लेक्स-१ अडवतं. पहिलाच पंप बंद, पेशी मेली. बाकी मेंदू जवळजवळ जसाच्या तसा.

मग लोकांनी साध्या पार्किन्सनच्या रुग्णांकडे बघायला सुरुवात केली. लंडनमध्ये १९८९ साली मृत रुग्णांच्या मेंदूतला तो काळसर पट्टा तपासला तर तिथेही कॉम्प्लेक्स-१ चं काम मंदावलेलं सापडलं. २००० साली उंदरांना रोटेनोन हळूहळू देऊन पार्किन्सनसारखी लक्षणं आणून दाखवली गेली. रोटेनोन हे वनस्पतीतून मिळणारं कीटकनाशक आणि जुनं मत्स्यविष. दक्षिण अमेरिकेत आणि आग्नेय आशियात लोक रोटेनोनवाली मुळं कुटून पाण्यात टाकत. पाण्यात ऑक्सिजन भरपूर, तरी मासे तोंड वासून वर येत, कारण घेतलेला ऑक्सिजन वापरणारा पंपच अडलेला. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या कोंडीत गेळफळं कुटून टाकतात, मासे तसेच उताणे होतात. पण त्यातलं विष वेगळं, त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. हे मुद्दाम लिहिलं, नाहीतर उद्या गेळफळाने कंपवात होतो असा फॉरवर्ड मलाच येईल.

*

या सगळ्यात मला सगळ्यात सुंदर वाटतो तो भाग बिघडलेली इंजिनं ओळखायचा.

आमच्या वाडीत अर्धी घरं बंद असतात. माणसं मुंबईला. घर जागं आहे की बंद, हे रस्त्यावरूनच कळतं. पायरीवर विजेची बिलं पडलेली असतात. घरात माणूस असला तर आलेलं बिल उचलून आत नेतो, भरतो, फाडून टाकतो. दारात काही साचत नाही. घर बंद असलं की बिलावर बिल.

मायटोकॉन्ड्रियाच्या दारातही असं एक बिल सतत येत असतं. पिंक-१ नावाचं प्रथिन. चांगला मायटोकॉन्ड्रिया त्या दीडशे मिलिव्होल्टच्या ओढीने ते आत खेचतो आणि फाडून टाकतो. ओढ संपली, म्हणजे बांधाला भगदाड पडून दोन्हीकडचं पाणी सारखं झालं, की पिंक-१ आत जात नाही, दारातच साचतं. ते साचलेलं पाहून पार्किन नावाचं दुसरं प्रथिन येतं आणि त्या मायटोकॉन्ड्रियावर खुणा मारत सुटतं, ग्रामपंचायतीचा माणूस पडक्या भिंतीवर फुली मारतो तशा. फुल्या दिसल्या की पेशीची मोडतोड करणारी टोळी त्याला गिळून टाकते, सुटे भाग परत वापरात येतात. या साफसफाईला मायटोफॅजी म्हणतात.

पार्किनचं जनुक जपानी संशोधकांना १९९८ साली सापडलं, पिंक-१ चा दोष २००४ साली. दोन्ही सापडली ती अगदी तरुणपणी कंपवात झालेल्या घराण्यांमध्ये. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की फुली मारणारी यंत्रणाच नाही, आणि पेशीत जुनी, धूर ओकणारी इंजिनं साचत जातात. तांडेलकाकांसारख्या बहुसंख्य रुग्णांना हा आनुवंशिक दोष नसतो. पण वयाप्रमाणे सगळ्यांचीच साफसफाई मंदावते. शिवाय पार्किन्सनमध्ये पेशीत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. त्या मायटोकॉन्ड्रियाला त्रास देतात आणि त्रासलेला मायटोकॉन्ड्रिया गुठळ्या वाढवतो. आधी कोण, मागून कोण, यावर अजून भांडण आहे.

अल्झायमरचं थोडक्यात सांगते. तिथे स्मृती जाण्याच्या बरीच वर्षं आधी मेंदूच्या काही भागांचा साखरेचा वापर कमी झालेला स्कॅनमध्ये दिसू शकतो, म्हणून काही जण मायटोकॉन्ड्रियाला मूळ कारण मानतात. बहुतेक जण अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांना पुढे ठेवून मायटोकॉन्ड्रियाला साथीदार मानतात. 'सगळ्याचं मूळ एकच' हे फॉरवर्डमधलं वाक्य खोटं पडतं ते इथे. इंजिन सगळ्या आजारांत कुरकुरतं, पण दर वेळी आधी इंजिनच बिघडतं असं नाही.

*

चार दिवसांनी काका स्वतः आले. एप्रनच्या खिशातला कागद काढून मी त्यांना हे सगळं मशीनच्या भाषेत सांगितलं. खारबंधाऱ्यापर्यंत ते गप्प होते. धुरापाशी आले आणि म्हणाले, "म्हणजे ही तुझी गोळी धूर खाता, असाच ना? मशीन धूर मारता म्हणान धुराक कोण औषध घालता गो?"

गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या औषध-चाचण्यांचं याहून चांगलं सार मला सुचलेलं नाही.

धूर खाणारी पहिली मोठी आशा होती ई जीवनसत्त्व. अमेरिकेत ८०० रुग्णांवर चाचणी झाली, निकाल १९९३ साली छापून आला, पार्किन्सनची चाल मंदावली नाही. मग आलं कोएन्झाइम क्यू-१०. २००२ साली ८० रुग्णांच्या छोट्या चाचणीत १२०० मिलिग्रॅमच्या डोसला आशा दिसली आणि जगभर कॅप्सूल खपू लागल्या. त्यानंतर ६०० रुग्ण घेऊन मोठी चाचणी झाली, रोज १२०० किंवा २४०० मिलिग्रॅम देऊन. २०११ साली ती मध्येच थांबवावी लागली, कारण पुढे चालवून काही निघणार नाही हे आकड्यांतच दिसत होतं. आता दुकानदाराचा हिशेब. माझ्या फडताळात शंभर मिलिग्रॅमच्या दहा कॅप्सूलची स्ट्रिप असते. त्या चाचणीतला लहान डोस घ्यायचा तर दिवसाला बारा कॅप्सूल. म्हणजे एक स्ट्रिप एक दिवससुद्धा पुरत नाही, आणि तेवढं घेऊनही उपयोग झाला नव्हता. मुलगा बापाला दिवसाला एक देणार होता.

क्रिएटीन, जिममधली मुलं घेतात तेच, १७४१ रुग्णांना रोज दहा ग्रॅम देऊन पाहिलं. २०१३ साली तीही चाचणी थांबवली. मायटोकॉन्ड्रियाच्या आत जाऊन बसेल असं मुद्दाम घडवलेलं मायटोक्यू १२८ रुग्णांवर वापरून पाहिलं, एका वर्षात फरक नाही. अल्झायमरसाठी डिमेबॉन नावाच्या जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळीवर रशियात झालेली चाचणी इतकी चांगली निघाली की सगळे हरखले. २०१० साली मोठ्या चाचणीत ती साखरेच्या गोळीसारखीच ठरली.

का हुकलं? काही कारणं आता कळतात. हात थरथरायला लागेपर्यंत त्या काळसर पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. होडी अर्धी भरल्यावर बूच शोधण्यासारखं आहे हे. दुसरं म्हणजे गिळलेल्या औषधाचा किती भाग मेंदूत पोचतो आणि त्यातला किती त्या मूठभर पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात, हा हिशेब कच्चा होता. तिसरं, धूर हा नुसता कचरा नाही. थोडा धूर पेशीला 'मशीनकडे बघ' असा इशाराही देतो. आणि उंदराला थोड्या दिवसांत विष देऊन आणलेला आजार माणसात वीस वर्षांत येणाऱ्या आजारासारखा वागत नाही.

हे सगळं असूनही क्यू-१० च्या कुळातल्या एका औषधाचा उपयोग झालाय, आणि तो कुठे झाला हे बघण्यासारखं आहे. लेबरचा दृष्टिविकार नावाचा आजार आहे. साधारण ऐन तारुण्यात, जास्त करून मुलग्यांत, काही आठवड्यांत दृष्टी जाते. कारण मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएतला दोष, जो कॉम्प्लेक्स-१ बिघडवतो. इडेबेनोन हे औषध त्या बिघडलेल्या पंपाला वळसा घालून इलेक्ट्रॉन पुढे पोचवतं. युरोपने त्याला २०१५ साली मान्यता दिली. सगळ्यांची दृष्टी परत येत नाही, काहींची थोडी सुधारते. पण बिघाड नेमका कुठे आहे ते माहीत होतं आणि औषध नेमकं तिथलं होतं. धुराला नव्हे, नोझलला हात घातला.

*

आता नवी खटपट त्याच दिशेने चालू आहे. फुली मारणाऱ्या पार्किनच्या उलट, फुल्या पुसत फिरणारं एक एन्झाइम पेशीत असतं. त्याला अडवलं तर साफसफाई वाढेल, असं धरून बनवलेली औषधं माणसांवरच्या पहिल्या टप्प्यांपर्यंत आली आहेत. पिंक-१ ला जोर देणारी रसायनंही त्याच रांगेत आहेत. नॉर्वेत ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप ४०० पार्किन्सन रुग्णांना वर्षभर द्यायची चाचणी हाती घेतली गेली. इंग्लंडमध्ये शेफील्डला यकृताची जुनी गोळी, अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, ३० रुग्णांवर वापरून पाहिली. ती पचते एवढं सिद्ध झालं, आजार थांबतो असं नाही. ही गोळी माझ्याकडे आहे, म्हणून आधीच सांगते : त्या चाचणीतला डोस वजनाच्या किलोला ३० मिलिग्रॅम होता, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज ३०० च्या सहा गोळ्या. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी देणार नाही.

बातम्यांत 'तीन आईबापांचं मूल' म्हणून येतं ते वेगळं प्रकरण. आईच्या मायटोकॉन्ड्रियात गंभीर दोष असेल तर दुसऱ्या बाईच्या बीजांडातले चांगले मायटोकॉन्ड्रिया वापरायला ब्रिटनने २०१५ साली कायद्याने परवानगी दिली आणि अशी आठ मुलं जन्मल्याचं जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं. उतारवयातल्या कंपवाताला त्याचा उपयोग नाही.

मग आज हातात काय? काकांनी हेच विचारलं.

लेव्होडोपा. ती मायटोकॉन्ड्रियाला शिवतही नाही, कमी पडलेलं डोपामिन भरून देते. पण माणूस शर्टाची बटणं स्वतः लावतो ते तिच्यामुळे. खाजकुयलीच्या बियांत हेच लेव्होडोपा असतं. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली ते वेगळं काढलं होतं. आपल्याकडे कुंपणाकुंपणाला ही वेल माजते म्हणून पुष्कळ जण गोळी चालू असतानाच बियांचं चूर्णही घेतात. बियाबियांत प्रमाण बदलतं, वरून गोळी, म्हणजे डोस किती झाला ते देवालाच ठाऊक. मग अंग वेडंवाकडं हलतं, उठताना चक्कर येते, नसलेली माणसं दिसतात. चूर्ण घेत असाल तर डॉक्टरला सांगा, लपवू नका.

दुसरी गोष्ट घाम. अमेरिकेतल्या एका चाचणीत, २०१८ साली छापलेल्या, १२८ नव्या रुग्णांपैकी काहींना ट्रेडमिलवर आठवड्यातून तीन-चारदा चांगलं दमेपर्यंत चालवलं, हृदयाची गती कमाल गतीच्या ८० ते ८५ टक्क्यांवर नेऊन. सहा महिन्यांनी त्यांची लक्षणं जवळपास होती तिथेच राहिली, नेहमीसारखं राहणाऱ्यांची वाढली. स्नायूंना दमवलं की त्यांत नवे मायटोकॉन्ड्रिया तयार होतात, हे पक्कं आहे. मेंदूतही तेच होतं याचा पुरावा बराचसा प्राण्यांमधला. आणि हा उपाय कॅप्सूलसारखा विकता येत नाही, त्यामुळे त्याचे फॉरवर्ड येत नाहीत.

तिसरी गोष्ट बागवाल्यांसाठी. पॅराक्वाट हे तणनाशक पेशीत धूरच धूर करतं. अमेरिकेतल्या शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट वापरलेल्यांत पार्किन्सनचं प्रमाण अडीच पट दिसलं. संबंध दिसला, म्हणजे फवारणाऱ्या प्रत्येकाला होईल असं नाही. पण युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे, आणि आमच्याकडे गडी उघड्या अंगाने, तोंडाला गमछा बांधून कलमांखालचं गवत मारतात. हातमोजे आणि मास्क मी काउंटरवर पुढेच ठेवलेत. खप नाही.

*

काका ट्रेडमिलवर चढणार नव्हते. त्यांनी दुसरं काढलं. किनाऱ्यावर रापण, म्हणजे वाळूवरून ओढायचं मोठं जाळं, लागली की ते दोरीला उभे राहतात. पंचवीस-तीस माणसं, एका तालात पाय मागे, एका तालात ओढ. घराच्या उंबरठ्यावर ज्यांचे पाय जमिनीला चिकटतात, काकीने ज्यांच्यासाठी पडवीत रंगाच्या आडव्या पट्ट्या ओढल्यात, ते काका दोरी हातात आली की वाळूत पाऊल न अडखळता मागे जातात. ताल मिळाला किंवा समोर रेघ दिसली की अडलेलं पाऊल सुटतं, हे फिजिओथेरपीवाल्यांना ठाऊक आहे. रापणीच्या दोरीने ते होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं.

उरलेल्या कॅप्सूलसाठी आगाऊ दिलेले पैसे मुलाने परत नेले नाहीत. काकांच्या खात्यात लेव्होडोपासाठी जमा ठेवलेत.

परवा सकाळी काका आपल्या वाट्याचे चार बांगडे पिशवीत घालून दुकानात आले. हात भिजलेला, उजवा अंगठा घोळत होता. दोन त्यांनी माझ्यासाठी काउंटरवर ठेवले. मासे, डाळ, अंडी यांतली प्रथिनं आतड्यातून शिरताना लेव्होडोपाची वाट अडवतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पेजेबरोबर चालेल, बांगड्याबरोबर नको, हे मी त्यांना निदान दहा वेळा सांगितलं असेल. तरी त्यांनी विचारलंच.

"आज आधी काय, गो? बांगडो की गोळी?"

"आधी गोळी. बांगडो मगे."